वाघर आता कोणाची?

मल्हारी,

तुझ्या नावानं ईमेल आलाय. 'डिअर मल्हारी' अशी सुरुवात आहे. तुला 'डिअर' म्हणणारं अख्ख्या घाटनांदुरात कोणी नव्हतं, म्हणून मी मोठ्यानं हसलो आणि तू काय म्हणतोस ते बघायला तुझ्या खुर्चीकडे वळलो. तू जाऊन सव्वीस दिवस झाले तरी मान तिकडे वळतेच. खुर्चीवर मी आता जुने कीबोर्ड रचून ठेवलेत. रिकामी खुर्ची दिसली की गिऱ्हाईक तुझी चौकशी करतं, आणि मग मला पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागतं.

ईमेल पुण्याच्या एका कंपनीचा आहे. गावोगावच्या दुकानांसाठी ते बिलाचे प्रोग्रॅम बनवतात आणि त्यात मराठी अक्षरं छापायला तुझी 'वाघर' वापरतात. त्यांचं म्हणणं सरळ आहे. आमचा एवढा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे, तर तिच्यामागे कोणीतरी जबाबदार माणूस हवा. आम्ही दर वर्षी पैसे द्यायला तयार आहोत. पण फुकट मिळणाऱ्या वस्तूला पैसे द्यायची आमच्या ऑफिसात मंजुरी मिळत नाही, म्हणून पुढची आवृत्ती तेवढी विकतची करा. पंधरा दिवसांत कळवा, असं लिहिलंय. त्यांना वाटतं, तू कळवशील.

दहाव्याला तुझ्या मामांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "पोरगं नेमकं काय करायचं रे? आमाला कवा कळलंच न्हाई." मी सांगायला गेलो आणि माझी पंचाईत झाली. वजनकाट्याचं त्यांना कळलं. रिकामी गाडी काट्यावर येते, मग भरलेली येते, मधला फरक म्हणजे मालाचं वजन, आणि ते छापून शेतकऱ्याच्या हातात देणारा प्रोग्रॅम आम्ही दोघांनी केला, इथवर ठीक होतं. पण तो प्रोग्रॅम आम्ही पायापासून लिहिलेला नव्हता. मराठी अक्षरं कागदावर नीट उमटवायचं काम परदेशातल्या कुणीतरी लिहून जगासाठी मोकळ्या सोडलेल्या कोडवर चालायचं. त्याला आम्ही लायब्ररी म्हणतो. त्या माणसानं एक दिवस पैसे मागितले, म्हणून मल्हारीनं स्वतःची लायब्ररी लिहिली. हे सगळं ऐकून मामा म्हणाले, "मंजी दुसऱ्याच्या हिरीवर मोट हुती." मी हो म्हटलं. इतकं सोपं करून मला अकरा वर्षांत कुणाला सांगता आलं नव्हतं.

अकरा वर्षांत मी तुझी किती टिंगल केली असेल! सगळ्यात जास्त केली ती तुझ्या त्या वहीवरून. कुणाचीही लायब्ररी वापरायची म्हटलं की तिच्याबरोबरचा लायसन्सचा कागद तू पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायचास. शेजारी शब्दकोश उघडा. मग वहीत मराठीतून लिहून काढायचास: मालक कोण, कशाची मुभा, कशाची मनाई. जगात कोणी वाचत नाही रे तो कागद! सगळे 'मान्य आहे' दाबून मोकळे होतात. मी म्हणायचो, "सातबारा काढायलास का?" तू मान वर न करता म्हणायचास, "आमच्या घरात सातबारा नव्हताच बे. म्हणून तर वाचायलोय." माझ्या घरात चाळीस एकरांचा होता आणि तो मी एकदाही वाचला नव्हता.

म्हणूनच त्या दूरच्या माणसाचं निवेदन आलं तेव्हा तुला ते पहिल्यांदा समजलं आणि मला फक्त राग आला. पुढच्या आवृत्तीपासून धंद्यासाठी वापरणाऱ्यांनी लायसन्स विकत घ्यावं, जुनी आवृत्ती मोकळीच राहील पण तिची डागडुजी यापुढे होणार नाही, असं त्यानं लिहिलं होतं. मी टेबलावर हात आपटला. सहा वर्षं आपल्याला सवय लावली आणि आता गळ्याशी आल्यावर पैसे मागतोय, म्हटलं, लबाड साला. तू निवेदन दोनदा वाचलंस आणि म्हणालास, "एकटाच हाय बे हा. कंपनी-बिंपनी कायबी न्हाई. सहा वर्सं आपुन ह्याचं वापरलं. कवा इचारलं का, बाबा, बरा हाईस का?"

आणि तू खरंच त्याला पत्र लिहिलंस! मोडक्यातोडक्या इंग्रजीत, माझ्याकडून एक अक्षर न तपासून घेता. पैशाचा विषय नाही, तक्रार नाही. आम्ही इथं कापसाच्या पावत्या तुमच्या कोडवर छापतो, तुमचे उपकार आहेत, तब्येत कशी आहे. मी पोट धरून हसलो. चार दिवसांनी त्याचं उत्तर आलं. टाइप करून करून दोन्ही मनगटं गेली आहेत, डॉक्टरांनी काम कमी करायला सांगितलंय, असं त्यानं कळवलं होतं. त्यानंतर आठवडाभर तू ज्याला त्याला सांगत होतास, "त्याचे हात दुखतेत म्हणं." चहावाल्यालासुद्धा.

आपलं ठरलं होतं की जुनी आवृत्ती धरून राहायचं. तू नीट बजावलं होतंस, नव्या आवृत्तीच्या अटी मी वाचून होईस्तोवर ती कुठंच घालायची नाही. मग तुझ्या वडिलांचं, आबांचं दुखणं निघालं आणि तू आठ दिवस त्यांच्याकडे, मेंढरांच्या तळावर गेलास. नेमकी दिवाळी होऊन गेलेली. कापसानं रस्ते भरलेले. चार काट्यांवर नवे कॉम्प्युटर आले होते आणि त्यांच्यावर आपली जुनी लायब्ररी बिघडायला लागली होती, वेलांट्या एकीकडे, अक्षरं दुसरीकडे. काटेवाले फोनवर शिव्या देत होते. मी नवी आवृत्ती पेनड्राइव्हवर घेतली, गाडीला किक मारली आणि सिरसाळ्यापासून मांजरसुंब्यापर्यंत चारही ठिकाणी घालून आलो. ती तीस दिवस चाचणीपुरती फुकट होती. तीस दिवसांत मल्हारीशी बोलू, म्हटलं. तू आलास, कामं लागली, आणि मी बोललो नाही. तू रागावशील म्हणून बोललो नाही असं आज म्हणता येईल, पण खरं म्हणजे मी विसरलो.

एकतिसाव्या दिवशी सिरसाळ्याहून काट्याचे मालक भागवतराव यांचा फोन. "पावती निघंना झाली. रांग पार रोडवर गेलीय. काय करू?" तू बँकेत गेला होतास. काट्यावर इंटरनेट नाही, मला पोचायला तास-दीड तास लागणार. मी क्षणभरही विचार न करता सांगितलं, "कॉम्प्युटरची तारीख महिनाभर मागे घ्या." आपल्या धंद्यातली ही शाळकरी युक्ती. मशीनला वाटतं, चाचणीचे दिवस अजून शिल्लक आहेत. पावत्या निघायला लागल्या. मी बाकी तिघांनाही फोन करून तेच सांगितलं आणि स्वतःवर खूश होऊन चहा मागवला.

पावतीवरची तारीख त्याच कॉम्प्युटरवरून छापली जाते, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मला सुचलं नाही. नऊ दिवस चार काट्यांवर महिन्यापूर्वीच्या तारखेच्या पावत्या निघत राहिल्या. काटेवाले वजन बघतात, तारीख कोण बघतो! कापूस घेणाऱ्या जिनिंगच्या फाटकावर मात्र बघतात. एकच पावती दोनदा फिरवून एका वजनावर दोन गाड्या काढायचे प्रकार पूर्वी झालेले, त्यामुळे जुन्या तारखेची पावती म्हणजे त्यांच्या लेखी चोरी. गाड्या परत फिरायला लागल्या. परत फिरवताना माणसं काय बोलतात ते तुला माहीत होतं. लहानपणी आबांवर उभं पीक चारल्याचा आळ आला होता आणि भर चावडीत त्यांना खाली बसवलं होतं, हे तू मला एकदाच सांगितलं होतंस. पुन्हा कधी तो विषय काढला नाहीस.

नवव्या दिवशी ओरड आपल्यापर्यंत पोचली, तो फोन तूच घेतलास. सगळं ऐकून घेतलंस. मग माझ्याकडे बघून विचारलंस, "तारीख कुणी मागं घेतली बे?"

मी म्हटलं, "काटेवाल्यांनीच. त्यांना कुणीतरी युक्ती सांगितली असेल."

तू "बरं" म्हणालास. गाडीची किल्ली घेतलीस, दुकानाचा शिक्का घेतलास आणि मलाही मागे बसवलंस. चार काट्यांच्या चोपड्यांवरून गाडीनंबर काढून तीन दिवस आपण दारोदार हिंडलो. प्रत्येकाच्या पावतीवर तू खरी तारीख लिहायचास, शिक्का मारायचास, खाली सही करायचास. लोक तोंडाला येईल ते बोलायचे आणि तू मान खाली घालून ऐकायचास. मला सगळ्यात जास्त आठवते ती सिरसाळ्याच्या अलीकडच्या वस्तीवरची कौशाबाई. एकटी बाई, भाड्याचा टेम्पो करून कापूस नेलेला. फाटकावर चार लोकांसमोर तिला म्हणाले होते, एका पावतीवर दोन गाड्या काढायलीस का. तिनं तुला घरात घेतलं नाही. ओट्यावर उभी राहून म्हणाली, "तुज्या मशिनीनं मला चोर केलं."

तू म्हणालास, "मशिनीनं न्हाई मावशी. मी केलं. माजी चूक हाय."

मी तुझ्या मागे तीन हातांवर उभा होतो. हातात शिक्क्याची डबी होती. बोलायला एवढंच होतं की मावशी, याची नाही, माझी. चार शब्द. ते माझ्या तोंडातून निघाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तू तिच्या टेम्पोबरोबर फाटकापर्यंत गेलास, माल आत जाईपर्यंत तिथं थांबलास. मी दुकान सांभाळायच्या निमित्तानं गेलो नाही.

त्यानंतर तू वाघर लिहायला घेतलीस. आठ महिने. तोवर त्या चार काट्यांवर पावत्या हातानं लिहिल्या गेल्या. दुसऱ्याच्या भरवशावर लोकांच्या पावत्या पुन्हा अडायला नकोत, एवढंच म्हणालास. बाराखडीचं एकेक अक्षर, प्रत्येक जोडाक्षर, प्रत्येक जातीचा प्रिंटर. कागदाच्या गुंडाळ्यांनी दुकान भरून गेलं होतं. मेंढरं शेतात बसवताना भोवती जाळी लावतात ती वाघर, तेच नाव तू दिलंस. अक्षरांनी इकडेतिकडे जाऊ नये म्हणून, असं तुझं म्हणणं. आणि झाल्याबरोबर ती जगासाठी मोकळी सोडलीस. लायसन्सचा कागद स्वतः लिहिलास, मराठीत आणि इंग्रजीत. कोणीही वापरा, धंद्याला वापरा, बदला, कोणाला विचारू नका.

इथून आपलं भांडण सुरू झालं. दीड वर्ष चाललं आणि तुझ्याबरोबर अर्ध्यावर राहिलं. मी म्हणायचो, अरे, मोठमोठ्या कंपन्या वापरायल्यात, त्यांच्याकडून तरी घे. तू आबांचं उदाहरण द्यायचास. संध्याकाळी मेंढरं कुणाच्या तरी रानात बसवायची, रातभर खत पडतं, सकाळी शेतकरी देईल ते जोंधळे पदरात घ्यायचे आणि पुढं निघायचं. आबांनी जन्मात कधी भाव ठरवला नाही, म्हणायचास, आणि कुणी उपाशी धाडलं नाही. मी म्हटलं, "आबांना शेतकरी समोर दिसायचा. शेतकऱ्याला आबा दिसायचे. तुला कोण दिसतंय? त्यांना तू दिसतोस का?" त्यावर तू म्हणालास, "दिसंना म्हणून माणूस न्हाई का बे तिकडं? उद्या कुण्या काट्यावर अशीच रांग लागंल, अन् पावती निघणार न्हाई. आपल्यापायी." मी चिडून म्हटलं, "मग त्या हात दुखणाऱ्या बाबालाही हेच सांग ना!" हे मी बोलायला नको होतं. तू उठून बाहेर गेलास, दोन चहा सांगितलेस आणि विषय संपवलास.

पण माझा मुद्दा खोटा नव्हता. वाघरबद्दल येणारे निरोप मी वाचत होतो. धन्यवाद क्वचित. बहुतेक हेच, की अमुक प्रिंटरवर रफार सरकतो, तीन दिवस झाले, अजून दुरुस्ती का नाही. जणू तू त्यांच्या पगारावर होतास. आणि तू प्रत्येकाला उत्तर द्यायचास, माफी मागून! जेवण अर्धं ठेवून दुरुस्त्या करायचास. छातीत जळजळतंय म्हणायचास आणि सोडा प्यायचास. मी शेजारच्या खुर्चीवर. त्या परक्या माणसाची तब्येत विचारायची तुला आठवण झाली होती. तुझी विचारायची मला झाली नाही. शेवटच्या दिवशी मांजरसुंब्याच्या काट्यावरून परत येताना तू ढाब्यावर थांबलास तेव्हाही सोडाच मागवला होतास, असं नंतर ढाबेवाल्यानं सांगितलं.

तर तो पुण्याचा ईमेल. वाघरमध्ये बदल करायची चावी, म्हणजे पासवर्ड, दोघांकडेच होता, तुझ्याकडे आणि माझ्याकडे. पण मालकी तुझी, म्हणजे आता वहिनींची. परवा दुपारी मी वस्तीवर गेलो. वहिनी करडांना पाला टाकत होत्या. पोरं शाळेत. मी ईमेल वाचून दाखवला, मराठीत समजावला, आणि लगेच स्वतःच म्हटलं, "पण मल्हारीला हे चाललं नसतं. त्यानं मोकळं सोडलं ते मोकळंच राहू दे. दुसऱ्याची रांग अडवायची नाही, असं म्हणायचा तो."

वहिनींनी पाला खाली ठेवला. "भावजी, हे तुमी बोलायलात?"

"हो."

"ते हुते तवा एक दिवस तरी त्यांच्या बाजूनं बोललात का? घरी येऊन सांगायचे मला, बाला आज असं म्हणला, बाला आज तसं म्हणला. अन् आता ते न्हाईत, तर तुमी त्यांचं बोलायलात. कावून?"

मग कसं कोण जाणे, माझ्या तोंडून ती दुसरीच गोष्ट बाहेर पडली. म्हटलं, "वहिनी, त्या वर्षी काट्यांची तारीख मी मागे घ्यायला लावली होती. भागवतरावांना फोनवर मी सांगितलं. मल्हारीला मी खोटं बोललो. माझी चूक त्यानं दारोदार जाऊन अंगावर घेतली. आता कोणत्या तोंडानं त्याच्या शब्दाबाहेर जाऊ?"

"ठाऊक हाय," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"त्याच दिशी ठाऊक झालतं त्यांना. भागवतरावांनीच सांगितलं. घरी आले तवा लई गप हुते. मी म्हणलं, इचारा की बालाला. तर म्हणले, न्हाई. सांगायचं असंल तर तो सांगंल."

मल्हारी, तुला ठाऊक होतं! तीन दिवस गाडीवर मला मागे बसवून घेतलंस तेव्हा ठाऊक होतं. कौशाबाईच्या ओट्याखाली उभे होतो तेव्हा ठाऊक होतं. आणि त्यानंतर दोन वर्षं, रोज संध्याकाळी दुकान बंद करताना, कुलूप हातात घेऊन तू थांबायचास आणि म्हणायचास, "अजून काही ऱ्हायलं का बे?" मी म्हणायचो, हां, उद्या केजचा प्रिंटर आणायचाय. नाहीतर म्हणायचो, काही नाही, चल. तू थोडा वेळ उभा राहायचास. मला वाटायचं, तुला घरी जायचा कंटाळा येतो.

मी तिथंच दगडावर बसून रडलो. वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी पाणी आणून दिलं आणि समोर बसल्या. म्हणाल्या, "त्यांच्यापुढं खरं बोलला न्हाईत, म्हणून आता त्यांचं म्हणणं माज्यापुढं घोकू नका. त्यानं काय फिटायचं न्हाई. मला सांगा, तुमाला सोताला काय वाटतंय?"

'मल्हारीला जे वाटायचं तेच मलाही वाटतं' असं म्हणणं फार सोपं होतं, आणि ऐकायलाही बरं वाटलं असतं. पण मला ते वाटत नव्हतं. मग मी सांगितलं. मला वाटतं, कंपन्यांनी पैसे द्यावेत. मला वाटतं, तो फुकटच्या माफ्या मागत मेला. काटेवाले, एकटीदुकटी दुकानं, विद्यार्थी यांना मोकळं असू दे, आजवर सुटलेल्या आवृत्त्या जशा आहेत तशा राहू देत, त्या कुणाला परत घेताही येणार नाहीत. पण यापुढे जो तिच्यावर धंदा उभा करील त्यानं द्यावं, म्हणजे दुरुस्ती करायला माणूस ठेवता येईल, आणि घरात दोन लेकरं आहेत.

वहिनी म्हणाल्या, "मलाबी तसंच वाटतंय. पर सही तुमी करायची. अन् माज्या नावावर ढकलायचं न्हाई."

काल सकाळी निवेदन लिहायला बसलो. कसं लिहायचं कळेना, म्हणून त्या दूरच्या माणसाचं जुनं निवेदन काढलं. तेव्हा मी रागात चार ओळींच्या पुढे गेलोच नव्हतो. या वेळी सबंध वाचलं. किती सांभाळून लिहिलंय रे त्यानं! जागोजागी क्षमा मागितलीय. कुणाची अडचण होणार असेल तर मला वैयक्तिक लिहा, मार्ग काढू, असं शेवटी आहे. आपण काट्यांची अडचण लिहिली असती तर त्यानं आपल्याला नवी आवृत्ती तशीच वापरू दिली असती, आणि हे मी तेव्हा वाचलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. मी ते वाक्य माझ्याही निवेदनात घातलं. दुपारी बाराच्या सुमारास वाघरचं लायसन्स बदललं.

संध्याकाळपर्यंत तीन निरोप आले. एकानं धोकेबाज म्हटलंय. एकानं विचारलंय, मल्हारी सरांना हे मान्य आहे का. पुण्याच्या कंपनीनं आभार मानलेत, पुन्हा तुलाच उद्देशून. त्या दुसऱ्याला काय उत्तर द्यायचं यावर मी बराच वेळ घातला. शेवटी खरं ते लिहिलं, की मल्हारी आता नाही, आणि त्याला हे मान्य नव्हतं.

तू असतास तर तीन दिवस माझ्याशी बोलला नसतास. माझ्याकडे पाठ करून काम करत बसला असतास, चहासुद्धा एकच सांगितला असतास. चौथ्या दिवशी वही उघडून, मी लिहिलेल्या अटींतली एकेक ओळ वाचून दाखवली असतीस आणि त्यातल्या चुका काढल्या असत्यास. असतीलच चुका. मला तुझ्यासारखं वाचता येत नाही. आज मी दिवसभर दुकानात बसून होतो. लोक आले, रिचार्ज करून गेले, झेरॉक्स काढून गेले. 'कावून केलंस बे' असं कुणी विचारलं नाही.

मल्हारी, अकरा वर्षांत एकाही वादात तू मला जिंकू दिलं नाहीस, आणि या वेळी समोर कुणी नसल्यामुळे मी जिंकलो. मला वाटतं, यात तू चुकत होतास. हे मी तुझ्या तोंडावर, तुझ्या डोळ्यात बघून म्हणायला हवं होतं. तारखेचं सांगायला तू मला दोन वर्षं दिली होतीस. मी एक दिवसही नाही सांगितलं. लायसन्सचं हे मात्र केल्याच्या दुसऱ्या दिवशी सांगतोय, आणि तू नाहीस.